परदेशी वस्तीस जाणाऱ्यांची आरोग्यपरीक्षा

परगावाहून कोणी वस्तीस आला, की आपल्या खेड्यांतून त्याला पूर्वी दोन प्रश्न हमखास विचारले जात. तू कोठला, हा पहिला. आणि तुझे येथे कोण आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न ओळखीचा असे. दुसऱ्याच्या पोटात मात्र पुष्कळ काही असे. उद्या हा मनुष्य अंथरुणाला खिळला तर त्याला पेज कोण करून घालणार, आणि कोणीच नसेल तर त्याचा भार कोणी वाहावयाचा, हे गावाला जाणून घ्यावयाचे असे. आजची मोठमोठी राष्ट्रे आपल्या दाराशी आलेल्या परक्याला वस्तुतः हाच दुसरा प्रश्न विचारीत असतात. फरक इतकाच, की गावचा पाटील तो तोंडी विचारी आणि राष्ट्रे तो छापील अर्जावर, छातीच्या क्ष-किरण चित्रावर आणि बँकेच्या पुस्तकावर विचारतात.

या प्रश्नाचा इतिहास आणि आजचे स्वरूप अमेरिकेच्या उदाहरणावरून समजावून घ्यावे, असे आम्ही योजिले आहे. विषय दूरचा वाटेल. पण तो तसा नाही. पुण्यामुंबईकडची, नाशिक-नागपुराकडची अशी किती तरी घरे आज आहेत की ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत आणि ज्यांतील साठी उलटलेले आईवडील मुलांजवळ कायमचे राहावयास जावे की नाही, या विचारात आहेत. अशा घरांतून एक भीती हळू आवाजात बोलली जाते. आपल्याला मधुमेह आहे हे कळले तर परवानगी मिळेल ना? तिकडे गेल्यावर सरकारी दवाखान्यात पाऊल टाकले तर मुलाच्या कागदपत्रांना धक्का तर लागणार नाही ना? या भीतीत खरे किती आणि ऐकीव किती, हे पाहावयाचे तर मुळापासून सुरुवात केली पाहिजे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करून ठेवू. परक्याच्या आरोग्याविषयी राष्ट्राला दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. याच्या रोगाची बाधा इतरांस होईल काय, हा एक. हा मनुष्य स्वतःच्या पायावर उभा राहील, की सरकारच्या खजिन्यावर पडेल, हा दुसरा. पहिला प्रश्न वैद्याचा आहे, दुसरा खजिनदाराचा. या विषयातील बहुतेक सर्व घोटाळा, आणि पुष्कळसा अन्यायही, हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे झालेला आहे, असे आमचे मत आहे.

खजिनदाराचा प्रश्न वयाने फार जुना. इंग्लंडात गरिबांना पोसण्याची जबाबदारी ज्या त्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीवर असे. साहजिकच दुसऱ्या पॅरिशचा गरीब आपल्या हद्दीत येऊन राहू नये, याविषयी लोक फार दक्ष असत. १६६२ साली तेथे असा कायदा झाला, की नव्याने आलेला गरीब मनुष्य पुढे वस्तीवर भार होईल असे वाटल्यास, तो आल्यापासून चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला त्याच्या मूळ ठिकाणी परत पाठवावे. यातली खुबी ध्यानात घ्यावी. तो भार झालेला नाही. तो होईल असे वाटते, एवढेच पुरे आहे. म्हणजे शिक्षा झालेल्या गोष्टीची नव्हे, तर होऊ शकेल अशा गोष्टीची. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकऱ्यांनी बायबलाबरोबर हा विचारही गलबतात घालून नेला.

पुढे अमेरिका स्वतंत्र झाली. परक्यांना घेण्या-न घेण्याचे काम प्रथम किनाऱ्यावरची राज्ये आपापल्या परीने करीत. १८८२ च्या ऑगस्टात मध्यवर्ती सरकारने यासाठी सर्व देशाचा कायदा केला. दर उतारूमागे पन्नास सेंट कर बसविला. आणि गुन्हेगार, वेडे व स्वतःची काळजी न घेता आल्यामुळे सार्वजनिक भार होतील अशी माणसे, यांना उतरू देऊ नये असे ठरविले. ‘पब्लिक चार्ज’ हे जे दोन शब्द आज आपल्या मंडळींच्या कानावर पडतात, ते या कायद्यातले. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा हा कायदा होऊन वर्षही लोटले नव्हते.

वैद्याचा प्रश्न या कायद्यात आला तो १८९१ साली. किळसवाण्या अथवा धोकादायक सांसर्गिक रोगाने पछाडलेल्यांना बंदी झाली, आणि बंदरावर येणाऱ्यांची तपासणी सरकारी डॉक्टरांनी करावी असे ठरले. ज्याला नाकारले त्याला परत नेण्याचा खर्च आगबोटीच्या कंपनीवर टाकण्यात आला. याचा परिणाम असा झाला, की युरोपातील बंदरांवर कंपन्यांचे डॉक्टरच उतारूंना आधी पारखून घेऊ लागले. कंपनीला दया आली म्हणून नव्हे. परतीचे भाडे वाचावे म्हणून. क्षयरोग्यांना बंदी झाली ती १९०७ च्या कायद्याने. आनंदीबाई डॉक्टर होऊन परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षात, याच रोगाने गेल्या. त्या पंचवीसेक वर्षे उशिरा निघाल्या असत्या आणि रोग अंगी घेऊन निघाल्या असत्या, तर त्यांची विद्या, त्यांची जिद्द, यांतले काहीही त्या दारावर उपयोगी पडले नसते.

न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस नावाचे बेट आहे. १ जानेवारी १८९२ रोजी तेथे परक्यांची तपासणी सुरू झाली आणि १९५४ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली. मधल्या काळात सुमारे सव्वा कोट माणसे त्या बेटावरून अमेरिकेत गेली असे सांगतात. वरच्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच, त्यांच्या केबिनीत, अदबीने उरकली जाई. तळाच्या वर्गातून आलेल्यांना मात्र बेटावर उतरवून रांगेत चालवीत. बोचकी हातात, पोरे काखेला, अशी ही रांग जिना चढू लागली म्हणजे डॉक्टर नुसते निरखीत उभे राहत. कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, कोणाची नजर भांबावलेली आहे, हे त्यांना काही क्षणांत ताडावे लागे. ज्याच्याविषयी संशय येईल त्याच्या अंगरख्यावर खडूने अक्षर काढीत. हृदयविकाराला एक, लंगडेपणाला दुसरे, गलगंडाला तिसरे, अंतर्गळाला चौथे. मनाच्या दौर्बल्याचा संशय आला तर इंग्रजीतील फुलीसारखे अक्षर. सर्वांत भय वाटे ते डोळ्यांच्या तपासणीचे. डोळ्यांतल्या खुपऱ्या पाहण्यासाठी पापणी उलटी करावी लागे, आणि ते काम पुष्कळदा बुटाची बटणे अडकविण्याच्या आकड्याने होत असे. खुपऱ्या निघाल्या, की परतीची बोट.

असे असूनही या बेटावरून परत पाठविलेल्यांचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास होते. म्हणजे बहुतेकांना दार उघडले. पण शेकडा दोन हा आकडा कागदावर जितका लहान दिसतो तितका तो घरात लहान नसतो. सात जणांच्या कुटुंबातली एक मुलगी खुपऱ्यांमुळे अडली, तर तिच्याबरोबर आईने परत जावयाचे की बापाने, हा प्रश्न त्या कुटुंबाला तेथे, त्या दिवशी, परक्या भाषेत सोडवावा लागे.

येथवर वैद्याचा प्रश्न आणि खजिनदाराचा प्रश्न शेजारी शेजारी उभे होते. १९०७ च्या कायद्याने त्यांची गाठ मारली. एखाद्याचा रोग दुसऱ्याला होणारा नसला, तरी त्याच्या शरीरातील वा मनातील व्यंगामुळे त्याच्या कमाईच्या शक्तीवर परिणाम होईल असा दाखला सरकारी डॉक्टराने दिला, तर त्यालाही नाकारता येऊ लागले. कुबड, अंतर्गळ, अशक्त हृदय, म्हातारपणची दुर्बलता, ही सगळी त्यात येऊ लागली. यातून कोणाचा संसर्ग टळत नव्हता. टळत होता तो संभाव्य खर्च. त्या काळच्या डॉक्टरांविषयी एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. आम्ही रोग काय तो सांगू, पण या माणसाला घ्यावे की परत लावावे हे आम्ही ठरविणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. निर्णय अधिकाऱ्यांच्या चौकशी मंडळाने करावयाचा. आमच्या मते ही रेघ त्या डॉक्टरांनी ओढली, हे वैद्यकाच्या धर्माला शोभणारे झाले.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळ, एंजल नावाच्या बेटावर १९१० ते १९४० या काळात असेच दुसरे ठाणे होते. तेथे मुख्यतः आशियातील माणसे येत. त्यांत पंजाबकडील शेतकरीही असत. या लोकांना येऊ देऊ नये, असा तेथील गोऱ्या मजुरांचा आणि वृत्तपत्रांचा मोठा गलका होता. त्या वेळी हिंदी माणसाला सरसकट बंदी करणारा कायदा नव्हता. तो १९१७ साली आला. मग मधल्या काळात काय करावयाचे? तेव्हा आरोग्य आणि खर्च ही दोन हत्यारे कामास आली. पोटातील अंकुशकृमी हा दाराशी अडविण्याजोगा रोग ठरविण्यात आला. वस्तुतः हा कृमी एका माणसाकडून दुसऱ्याला सरळ लागत नाही. तो घाणीने दूषित झालेल्या मातीतून अनवाणी पायांवाटे शरीरात शिरतो, आणि औषधाने जातो. जे यातून सुटत त्यांना, तुमच्याविरुद्ध येथील लोकांचे मन इतके कलुषित आहे की तुम्हाला काम मिळणार नाही, सबब तुम्ही सार्वजनिक भार व्हाल, असे सांगून परत लावता येई. तर्काची ही कसरत पाहावी! दुसऱ्याच्या द्वेषाचा दोष ज्याचा द्वेष होतो त्याच्याच खात्यावर मांडावयाचा.

अशाच एका युक्तिवादाला १९१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आवर घातला. काही रशियन मजूर पोर्टलंड शहराकडे निघाले होते. तेथे मजुरांची गर्दी झाली आहे, म्हणून हे लोक भार होतील, असे म्हणून न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अडविले. न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला, की कायद्यात हे शब्द भिकारी, वेडे, रोगी यांच्या पंक्तीला बसविले आहेत, तेव्हा माणसाच्या स्वतःच्या ठायी असलेले वैगुण्य पाहा. एखाद्या शहरातील मजुरीच्या बाजाराची स्थिती त्याच्या माथी मारू नका. पण दोनच वर्षांनी, १९१७ च्या कायद्यात, हे शब्द त्या पंक्तीतून उचलून दुसऱ्या जागी ठेवण्यात आले, आणि अर्थ पुन्हा सैल झाला. कायद्यात शब्दाची जागा बदलली, की माणसाचे नशीब बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

हे शब्द किती ताणता येतात याचा अनुभव १९३० साली आला. मंदीने बेकारी माजली होती. अध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारने नवा कायदा केला नाही. परदेशांतील वकिलातींना एवढेच कळविले, की भार होण्याचा मुद्दा कडकपणे पाहावा. १९२४ पासून परवाने वकिलातींतच देण्याची पद्धत पडलेली होती, त्यामुळे नकार आता समुद्र ओलांडण्यापूर्वीच मिळू लागला. परवान्यांची संख्या झपाट्याने घटली. थोड्याच वर्षांत जर्मनीतून जीव वाचवून पळू पाहणाऱ्या ज्यूंना हीच अट आडवी आली. ज्यांची मालमत्ता नाझी सरकारने काढून घेतली होती, त्यांना तुमचा निर्वाह कसा चालेल ते दाखवा, असे विचारले जात होते.

आता आजच्या स्थितीकडे वळू. १९६५ साली अमेरिकेत दोन मोठे कायदे झाले. एकाने म्हाताऱ्यांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ अशा सरकारी वैद्यकीय मदतीच्या योजना काढल्या. दुसऱ्याने देशोदेशींच्या माणसांना ठरावीक वाटे देण्याची जुनी पद्धत मोडून आपल्यासारख्यांना दार मोकळे केले. एकाच वर्षी मदतीचे ताट वाढले गेले आणि पाहुण्यांना बोलावणेही गेले. ताटावर कोणी बसावयाचे, हा तंटा त्यानंतर आजतागायत चालू आहे.

त्या देशात कायमचे राहावयाचा परवाना, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात, तो मागणाराला आज दोन दारांतून जावे लागते. पहिले दार वैद्याचे. वकिलातीने मान्य केलेल्या डॉक्टरांकडूनच तपासणी करून घ्यावी लागते. घरच्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. पंधरा वर्षांवरील प्रत्येकाच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढतात, रक्त तपासतात, ठरलेल्या लसी घेतल्याचा पुरावा पाहतात, नसल्यास लस टोचतात. निघालेल्या गोष्टींचे दोन वर्ग करतात. सांसर्गिक अवस्थेतील क्षय वा कुष्ठरोग, उपचार न झालेला उपदंश, मादक द्रव्यांचे व्यसन, इतरांना इजा होईल अशा वर्तनाचा मनोविकार, लसींचा अभाव, ही पहिल्या वर्गात येतात आणि अडवितात. दुसऱ्या वर्गातील विकार गंभीर असले तरी तेवढ्यानेच वैद्यकीय बंदी होत नाही. क्षय निघाला तर उपचार पुरा करावा लागतो. तो पुरा झाला, की दार उघडते. हा नियम आम्हास शहाणपणाचा वाटतो. रोगी बरा होतो, संसर्ग टळतो आणि मनुष्यही जातो. पण या यादीलाही भीतीचा वारा लागतो, हे विसरू नये. एच.आय.व्ही.ची बाधा १९८७ साली या यादीत घातली गेली आणि ती काढून टाकावयास २०१० साल उजाडले. नुसत्या सहवासाने तो रोग लागत नाही हे वैद्यकाला पुष्कळ आधी ठाऊक होते.

दुसरे दार खजिनदाराचे. १९९६ च्या कायद्याने सांगितले, की मनुष्य भार होईल की नाही हे ठरविताना निदान पाच गोष्टी पाहाव्यात: वय, आरोग्य, कुटुंबाची स्थिती, मालमत्ता आणि शिक्षण वा कसब. आरोग्य येथे पुन्हा आले, हे लक्षात घ्यावे. वैद्याच्या दारातून सुटलेला मधुमेह खजिनदाराच्या दारावर पुन्हा उभा राहू शकतो. शिवाय आईवडिलांना बोलाविणाऱ्या मुलाला जामीन राहावे लागते. त्याचे उत्पन्न, कुटुंबाचा आकार धरून, सरकारने आखलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावे लागते. ही हमी कोर्टात बजावता येते. आणि आईवडील नागरिक होईपर्यंत, अथवा त्यांच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत, साधारणपणे सुटत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, नव्याने आलेल्या बहुतेकांना पहिली पाच वर्षे मध्यवर्ती सरकारच्या गरिबांसाठीच्या मुख्य योजनांतून वगळले. पासष्टीच्या पुढे गेलेल्या, पण तेथे कधी काम न केलेल्या आईला मेडिकेअर विकत घ्यावयाचे, तरी आधी पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. म्हणजे वस्तुस्थिती अशी, की ज्या मदतीपायी हे लोक भार होतील अशी भीती बाळगली जाते, ती मदत त्यांना पुष्कळ वर्षे मिळतच नाही.

मग भार म्हणजे नेमके काय? १९९९ साली सरकारने याचा खुलासा केला. ज्याचा निर्वाह मुख्यतः सरकारच्या रोख मदतीवर चालेल, अथवा ज्याला सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ ठेवावे लागेल, तो भार. दवाखान्यातील उपचार, लसी, मुलांचे शाळेतील जेवण यांचा हिशेब धरावयाचा नाही. २०१९ साली हा अर्थ बदलण्यात आला. छत्तीस महिन्यांत एकूण बारा महिने अन्नसाहाय्य, घरभाड्याची मदत वा मेडिकेडचा बराचसा भाग घेणाराही भार ठरू लागला. मोठा आजार असून खाजगी विमा नसणे ही फार प्रतिकूल गोष्ट मानावी असे झाले. कोर्टकचेऱ्या होऊन हा नियम २४ फेब्रुवारी २०२० रोजी अंमलात आला; आणि थोड्याच आठवड्यांत करोनाच्या साथीने देश ग्रासला. ज्या सरकारने परक्यांना सरकारी औषधपाण्याचा धाक घातला होता त्यालाच मार्चमध्ये जाहीर करावे लागले, की करोनाची तपासणी व उपचार बेलाशक घ्या, तुमच्याविरुद्ध धरले जाणार नाही. २०२१ च्या मार्चमध्ये तो नियम गेला. २०२२ च्या डिसेंबरात जुन्या, सौम्य अर्थाचा नवा नियम आला. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तोही काढून टाकण्याचा प्रस्ताव सरकारने प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात, अर्जदाराचा मधुमेह, हृदयविकार, स्थूलता यांचाही भावी खर्चाच्या दृष्टीने विचार करावा असे वकिलातींना कळविल्याचे वृत्त तिकडील पत्रांतून आले. म्हणून आपल्याकडील मंडळींना आमचे सांगणे आहे, की दहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या वडिलांना काय अनुभव आला यावर विसंबू नये. अर्ज करावयाच्या वेळी नियम काय आहे, हे जाणत्या वकिलास विचारावे.

नियम बदलतो, पण भीती मागे राहते. आणि हीच या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट होय. ‘अर्बन इन्स्टिट्यूट’ या संस्थेने २०१८ च्या अखेरीस, म्हणजे २०१९ चा नियम अंमलात येण्याच्या वर्षभर आधी, पाहणी केली. तीत परदेशांतून आलेल्या कुटुंबांतील सातांपैकी सुमारे एका प्रौढाने सांगितले, की पुढे ग्रीन कार्ड मिळणार नाही या भयाने आपण अथवा आपल्या घरच्यांनी गेल्या वर्षी सरकारी मदत टाळली. यांतल्या पुष्कळांना तो नियम लागू होणारच नव्हता. निर्वासित, आश्रय दिलेले लोक, नागरिकत्वाचा अर्ज करणारे, यांना हा मुद्दा लावीत नाहीत. त्या घरांत तेथेच जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकन असलेली मुलेही असतात. कायद्याचा हात जेथवर पोचत नाही तेथवर त्याची सावली पोचते.

ही सावली पुण्याच्या लोकांना नवी नाही. १८९७ सालच्या प्लेगात रोगी हुडकून काढण्यासाठी रँडसाहेबांच्या अमदानीत घरोघर झडत्या झाल्या. त्यांचा हेतू साथ आटोक्यात आणण्याचा होता. पण रोगी सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेतील, या धास्तीने लोक रोगी लपवू लागले. रोगाचे नाव काढले की दंड, असे समीकरण एकदा मनात बसले, की माणसे रोग सांगत नाहीत. आणि न सांगितलेला रोग सर्वांनाच महाग पडतो.

अमेरिकाच काय ती अशी, असेही नाही. इंग्लंडच्या १९०५ च्या कायद्यात हीच कल्पना होती. आज तेथे सहा महिन्यांहून अधिक मुदतीसाठी जाणाऱ्या भारतीयाला क्षयाच्या तपासणीचा दाखला लागतो, हे विलायतेस मुले पाठविणाऱ्या पालकांना ठाऊक आहेच. पण खर्चाचा प्रश्न तो देश वेगळ्या रीतीने सोडवितो. बहुतेक अर्जदारांकडून आरोग्यसेवेची वार्षिक पट्टी आगाऊ घेतो, आणि मग दवाखाना मोकळा ठेवतो. २०१५ साली ही पट्टी दोनशे पौंड होती. २०२४ पासून प्रौढांना ती एक हजार पस्तीस पौंड पडते. पट्टी जबर आहे. पण ती भरल्यावर डॉक्टरकडे जाण्याची चोरी राहत नाही. कॅनडात अर्जदाराच्या आजाराचा खर्च सरासरीहून फार अधिक होईल काय, असे पाहतात. २०१८ साली त्यांनी ही मर्यादा तिप्पट करून पुष्कळ अपंगांच्या वाटेतला काटा दूर केला.

मग राष्ट्रांनी असा प्रश्न विचारूच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. प्रत्येक घराला आपल्या शिध्याचा अंदाज घ्यावाच लागतो, आणि करभरूंच्या पैशाची काळजी वाहणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. परंतु आजाराला भावी दारिद्र्याचा पुरावा मानणे यात दोन दोष आहेत. एक, अंदाज फार कच्चा असतो. मधुमेही मनुष्य तीस वर्षे हिशेबनीस म्हणून खपतो आणि धट्टाकट्टा जवान दुसऱ्या वर्षी गाडीखाली सापडतो. शिवाय म्हाताऱ्या आजीने नातवंडे सांभाळली म्हणजे सून कामावर जाते. या कमाईला खजिनदाराच्या वहीत रकानाच नसतो. दुसरा दोष असा, की अशा नियमाने माणूस डॉक्टरपासून दूर पळतो, आणि ज्या वैद्याने संसर्ग रोखावयाचा त्याचेच हात बांधले जातात.

आरोग्यतपासणीच्या कोणत्याही नियमाची एक साधी कसोटी आम्हास सुचते. या नियमामुळे रोगी मनुष्य वैद्याकडे येतो, की वैद्यापासून लपतो? क्षयाचा उपचार पुरा करा आणि मग या, असे सांगणारा नियम या कसोटीला उतरतो. तुम्ही उपचार घेतलात हेच तुमच्याविरुद्ध लिहून ठेवू, असे सुचविणारा नियम उतरत नाही. आणि जे आईवडील आज कागदपत्रे जमवीत बसले आहेत त्यांनीही एवढे ध्यानात धरावे: तपासणीच्या डॉक्टरापासून आजार लपवू नये, कारण खोटे सांगणे हा आजारापेक्षा मोठा अडसर होतो, निघण्यापूर्वी विम्याची सोय पाहावी, आणि ऐकीव गोष्टींच्या भरीस पडून चालू असलेले औषध मात्र एक दिवसही बंद करू नये. परवाना उशिरा मिळाला तरी चालेल. त्यासाठी गमावलेली प्रकृती मात्र कोणत्याही वकिलातीत अर्ज करून परत मिळत नाही.